बिनदातांच्या करवतीची तहान

घरात न्हाणीघराचं काम निघालं की एक दृश्य हमखास दिसतं. मिस्त्री गॅलरीत उकिडवा बसून फरशी कापत असतो आणि त्याचा मदतनीस शेजारी पाण्याची प्लास्टिकची बाटली धरून उभा असतो. बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेलं. त्यातून निघालेली बारीक धार कटरच्या चकतीवर पडत राहते. मदतनिसाचं लक्ष जरा उडालं आणि धार हुकली, की कटरचा आवाज चढतो, पांढरा लोट उठतो आणि मिस्त्री खेकसतो, "अरे, पाणी!"

आता दुसरं दृश्य. अजिंठ्याची लेणी पाहून उतरताना विक्रेते हातात दगड ठेवतात. बाहेरून ओबडधोबड, आतून चमचमता. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेली ही गारगोटी, अकीक आणि त्यांची भावंडं. असे दगड कापून त्यांच्या चकत्या आणि खडे बनवणाऱ्या एखाद्या हौशी कारागिराकडे कधी गेलात, तर त्याची करवत झाकणबंद लोखंडी पेटीत असते. झाकण उघडून पाहिलं तर तळाशी पाणी नसतं, तेल असतं. पलीकडच्या टेबलावर त्याचीच छोटी करवत असते आणि तिच्या खालच्या ताटलीत मात्र पाणी.

फरशीला पाणी, अकीकाला तेल आणि त्याच अकीकाच्या लहान तुकड्याला पुन्हा पाणी, हा काय प्रकार आहे? कुणी त्यात दुधासारखं पांढरं कूलंट ओततो, तर कुणी जुनं पुस्तक वाचून रॉकेल. यातलं बरोबर काय, हे कळायला आधी ही करवत नेमकं काय करते ते पाहायला हवं.

करवत कसली, हे तर जातं

लाकडाच्या करवतीला दात असतात. ते लाकडाचे तंतू तोडत, भुसा काढत पुढे जातात. दगडाच्या चकतीला दातच नसतात. तिच्या कडेला कधी खाचा दिसतात, पण त्याही कापण्यासाठी नसतात.

दगडापुढे पोलादी दातांची मात्राही चालली नसती. फ्रीड्रिख मोस या खनिजतज्ज्ञानं १८१२ मध्ये खनिजांचा कठीणपणा मोजायला १ ते १० अशी पट्टी मांडली. तिच्यात कॅल्साइट ३ वर, गारगोटी ७ वर, माणिक-नीलम ज्याचे बनतात तो कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर आहे. साधं पोलादी पातं साडेपाचच्या आसपास घुटमळतं. गारगोटीवर सुरी ओढली तर दगडावर ओरखडा उठत नाही, सुरीचंच पोलाद दगडाला लागतं.

म्हणून पूर्वीचे कारागीर लोखंडाची साधी चकती किंवा ताणलेली तार घेत आणि तिच्याखाली कुरुंदाची ओली पूड सोडत. कापायचं काम पूड करी, लोखंड फक्त तिला फरफटत नेई. १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसन यानं कार्बोरंडम हा कृत्रिम कठीण पदार्थ शोधला आणि पूड स्वस्त झाली. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि पुढे हिऱ्याची भुकटीही कारखान्यातून येऊ लागली.

आजच्या चकतीचा गाभा पोलादाचा असतो. तिच्या कडेच्या पट्टीत काश्यासारख्या मऊ धातूमध्ये हिऱ्याचे बारीक कण पेरलेले असतात. चकती फिरते तेव्हा प्रत्येक कण दगडाचा कणभर भाग खरवडतो. म्हणजे दगड कापला जात नाही, एका अरुंद रेघेत दळला जातो. यंत्राला आपण करवत म्हणतो, पण स्वभावानं ते जातं आहे.

जात्याची आणखी एक खोड या चकतीला आहे. जातं किंवा पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते. चकतीतला हिऱ्याचा कण झिजून बोथट होतो, तेव्हा त्याला धरून ठेवणारा मऊ धातूही थोडा झिजायला हवा, म्हणजे जुना कण गळेल आणि खालचा नवा, टोकदार कण वर येईल. धातू झिजला नाही तर चकती चकचकीत होते आणि दगडावर नुसती घसरते. मग मऊ खरखरीत दगडात किंवा विटेत तिचे दोन-चार छेद घेतात. ही तिची टाकी.

एका फटीत धरलेली इस्त्री

दळताना उष्णता होणारच. किती, ते एका साध्या तुलनेवरून कळेल. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॅट. घरातल्या साध्या इस्त्रीवरही बहुधा ७५० वॅट लिहिलेलं असतं. मोटर पूर्ण जोरानं चालली तर तिच्या शक्तीचा बहुतेक भाग शेवटी उष्णतेत जातो. म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीच्या फटीत एक तापलेली इस्त्री धरून ठेवल्यासारखं हे झालं.

या उष्णतेचा पहिला बळी कोण? आपल्याला वाटतं, दगड. कारागिराला भीती असते हिऱ्याची. हिरा हा शेवटी कार्बन आहे आणि कार्बन जळतो. आंत्वान लावाझिये यानं १७७२ मध्ये मोठ्या भिंगानं सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला होता. हवेत सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास हिरा खराब होऊ लागतो. पण हिरा उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्याही कितीतरी पुढे असतो. कणाच्या टोकाशी निर्माण झालेली उष्णता तो झटकन मागच्या मऊ धातूकडे सरकवतो. त्यामुळे बरेचदा हिरा जळण्याआधीच त्याला धरून ठेवणारा धातू नरमतो आणि चांगला धारदार कण अर्ध्या आयुष्यातच निसटून जातो.

दुसरा बळी पोलादी गाभ्याचा. चकतीची कड तापून फुगते आणि मधला भाग थंड राहतो. पापडाची एकच कड निखाऱ्याला लागली की तो जसा वाकडा होतो, तशी चकती वाटीसारखी वाकते. मग छेद तिरका जातो, चकती दगडात अडकते आणि एखाद्या झटक्यात कामातूनच जाते.

तिसरा बळी दगडाचा. गारगोटी ५७३ अंशांना आपली अंतर्गत रचना बदलते आणि तेव्हा तिचं आकारमान एकदम वाढतं. सगळा दगड इतका तापत नाही, पण कोरड्या छेदाच्या काठावर बारीक तडे जाण्याइतका ताण येऊ शकतो. तापलेल्या कडेवर मग घाईनं गार पाणी ओतलं तर उकळता चहा पडलेल्या काचेच्या ग्लासासारखी गत होते.

वाटणाला पाण्याचा हबका

थंड करणं हे द्रवाच्या चार कामांपैकी फक्त एक. बाकीची तीन समजून घ्यायला पाट्यावर चटणी वाटणारी आजी आठवा. वाटण कोरडं पडलं की वरवंटा अडखळतो, खोबरं पाट्याला चिकटून बसतं. आजी पाण्याचा एक हबका मारते आणि वरवंटा पुन्हा सरसर चालू लागतो. तो हबका पाटा गार करायला नसतो. त्यानं वाटण सैल होतं आणि पुढे सरकतं.

करवतीच्या फटीत दगडाची पूड अशीच साचते. ती वेळच्या वेळी बाहेर निघाली नाही तर हिऱ्याच्या कणांमधल्या जागा बुजतात. मग चकती दगडाला न घासता पुडीलाच पुन्हा पुन्हा दळत बसते. ताकद तीच लागते, उष्णता वाढते आणि छेद मात्र पुढे सरकत नाही. म्हणून पूड धुऊन नेणं हे द्रवाचं दुसरं काम.

तिसरं काम वंगणाचं. चकतीच्या दोन्ही बाजू छेदाच्या भिंतींना घासत असतात. तिथे काही कापलं जात नाही, नुसतं घर्षण होतं. त्या घर्षणाला द्रवाचा पातळ थर आवर घालतो. चौथं काम धूळ हवेत उडू न देण्याचं. त्याकडे कारागिराचं सगळ्यात शेवटी लक्ष जातं, पण माणसाच्या दृष्टीनं ते पहिलं आहे. त्याविषयी पुढे बोलूच.

ही चार कामं एकच द्रव सारख्याच चांगल्या रीतीनं करू शकत नाही. निवडीचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

पाणी: उष्णता पिण्यात पहिलं

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर तासभर पूर्ण जोरानं चालली आणि सगळी उष्णता खालच्या दहा लिटर द्रवातच साठली असं समजू. तो द्रव पाणी असेल तर त्याचं तापमान सुमारे ३२ अंशांनी वाढेल. तेवढंच हलकं खनिज तेल असेल तर ते ऐंशीएक अंशांनी तापेल. प्रत्यक्षात पेटी आणि हवा बरीच उष्णता पळवतात, त्यामुळे आकडे एवढे चढत नाहीत. पण तुलना खरी आहे. वजनाला वजन धरलं तर पाणी तेलाच्या दुप्पट उष्णता पितं आणि ती आतल्या आत चार-पाच पट चांगली पसरवतं. शिवाय पाण्याची वाफ होताना ते आणखी भरपूर उष्णता घेऊन जातं.

पाणी स्वस्त असतं, पेट घेत नाही आणि कापलेला दगड पुसला की काम संपलं. मग अडतं कुठे?

एक, पाणी वंगण म्हणून कच्चं. दोन अंगं एकमेकांवर दाबली गेली की पाण्याचा थर टिकत नाही. दोन, पाण्याला स्वतःला धरून राहायची सवय असते. अळवाच्या पानावरचा थेंब आठवा. पृष्ठभागावर पसरण्याऐवजी पाणी थेंबात गोळा होतं. त्यात हे जातं भलतंच वेगवान. दीडशे मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर तिची कड ताशी ८५ किलोमीटर वेगानं धावते. कडेवरच्या थेंबाला बाहेर फेकणारं बल गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट असतं. अशा झपाट्यात चकतीला धरून राहायचं म्हणजे द्रवाला थोडा चिकटपणा हवा, आणि पाण्याकडे तो नाही.

तीन, गंज. करवत तशीच ओली ठेवून घरी गेलात तर सकाळी पात्यावर, दांड्यावर आणि बेअरिंगमध्ये तांबडी पूड दिसते. पात्याचा खालचा काठ रात्रभर पाण्यात बुडालेला राहिला तर तिथे गंजाची रेघच उमटते.

यावर उपाय आहेत. भांडी घासायच्या पातळ साबणाचे काही थेंब पाण्याची थेंबात गोळा व्हायची सवय मोडतात आणि पाणी फटीत शिरू लागतं. मात्र साबण जास्त झाला तर फेस होतो आणि फेस म्हणजे हवा. ती उष्णता पीत नाही. चिमूटभर धुण्याचा सोडा पाणी अल्कलीधर्मी करतो आणि पोलाद गंजण्याचा वेग कमी होतो. काम संपलं की पाणी काढून टाकावं, पातं पुसावं आणि करवत अर्धा मिनिट रिकामी फिरवावी. लहान करवतीवर, छोट्या तुकड्यांच्या मिनिट-दोन मिनिटांच्या कामाला एवढं पुरतं.

तेल: उष्णता होऊच न देणारं

मोठ्या करवतीचं गणित वेगळं असतं. तिथे नारळाएवढा दगड पकडीत घट्ट धरून अगदी सावकाश पुढे सरकवतात आणि एकेका छेदाला तासभरही लागू शकतो. चकती खोलवर शिरते, तिच्या दोन्ही बाजूंचा बराच भाग दगडाला घासत राहतो. घर्षणाचं हे क्षेत्र एवढं मोठं असताना उष्णता निर्माण झाल्यावर तिला पळवण्यापेक्षा ती मुळात कमी होऊ देणं शहाणपणाचं ठरतं. तेल उष्णता पिण्यात कमी पडलं तरी या कामात सरस आहे. ते पात्याला चिकटून फटीच्या तळापर्यंत जातं, दबावाखालीही थर टिकवतं आणि गंजाचा प्रश्नच उरू देत नाही. पातं जास्त दिवस टिकतं आणि चकत्या नितळ निघतात.

तेल कुठलं? सगळ्यात भरवशाचं म्हणजे शुद्ध केलेलं, बिनरंगी, बिनवासाचं, पातळ पांढरं खनिज तेल. नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. औषधाच्या दुकानात ती लिक्विड पॅराफिन म्हणून मिळते, आणि बाळाच्या अंगाला लावायचं बेबी ऑइल म्हणजे बहुतांशी तेच, सुगंध घातलेलं. पातळपणाला महत्त्व आहे. तेल फार दाट असेल तर दगडाची पूड त्यात तरंगत राहते, खाली बसत नाही. फार पातळ असेल तर त्याचं धुकं होऊन ते हवेत पसरतं.

दुसरा निकष ज्वलनबिंदूचा. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी मिळताच भडकते, तो त्याचा ज्वलनबिंदू. चांगल्या पांढऱ्या तेलाचा तो साधारण १५० अंशांच्या वर असतो. दगडावर चकती ठिणग्या पाडत असताना हा आकडा जितका वर तितकं बरं.

तेलाच्या करवतीला झाकण हवंच. चकती तेलाचे सूक्ष्म थेंब उडवते. ते फुप्फुसात गेले तर अपाय करतात आणि आगीलाही निमंत्रण देतात. मोटर बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नये, धुकं खाली बसायला काही मिनिटं द्यावीत. तेलाची पातळीही बेताची हवी. पात्याची कड साधारण ६ ते १२ मिलिमीटर बुडाली की पुरे. जास्त तेल भरलं म्हणजे जास्त थंडावा मिळतो असं नाही. पातं तेल घुसळत बसतं आणि तेल सगळीकडे उडतं.

दुधी पाणी: दोघांचा समेट

लेथवर काम केलेल्यांना तिसरा पर्याय ठाऊक असतो. पाण्यात विरघळणारं म्हणून विकलं जाणारं कूलंट ऑइल खरं तर विरघळत नाही. दुधात स्निग्धांशाचे बारीक थेंब तरंगतात तसे तेलाचे थेंब पाण्यात तरंगत राहतात, म्हणून मिश्रण दुधी दिसतं. साधारण वीस भाग पाण्याला एक भाग तेल असं प्रमाण नेहमीचं. पाण्याचा थंडावा, तेलाचं थोडं वंगण आणि गंजरोधक रसायनं, असं तिन्ही एकत्र मिळतं. मिसळताना पाण्यात तेल घालावं, तेलात पाणी नव्हे. उलट केलं तर गुठळ्या होतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी फार जड असेल तर मिश्रण फाटतं, अगदी दुधासारखंच.

त्याची खोड अशी की ते नासतं. साचलेल्या मिश्रणात जिवाणू वाढतात. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुटी असते. शुक्रवारी सकाळी मशीन सुरू करणाऱ्या कामगाराला तो कुजका वास ओळखीचा असतो. रोज चालणाऱ्या करवतीला दुधी पाणी सोयीचं आहे. महिन्यातून दोनदा करवत चालवणाऱ्या हौशी माणसानं ते पेटीत साठवून ठेवू नये.

हे पेटीत नको

जुन्या काळी रॉकेल किंवा डिझेल सर्रास वापरलं जाई. पातळ, स्वस्त आणि सहज मिळणारं. पण रॉकेलचा ज्वलनबिंदू ३५ ते ४० अंशांच्या आसपास असतो. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात दुपारचा पाराच ४५ च्या वर जातो. म्हणजे तिथे रॉकेलला भडकायला करवतीनं तापवण्याची गरजच नाही, एक ठिणगी पुरे. शिवाय त्याची वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतून त्रास देतो. डिझेलची गोष्ट थोडी सौम्य, पण त्याच जातीची.

गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल फुकट मिळतं, म्हणून मोह होतो. त्यात इंधनाच्या ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगं आणि धातूचे कण असतात. चकती त्याचं धुकं करून तुमच्या नाकाशी आणते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेलही टाळावं. जुन्या काही तेलांमध्ये पीसीबी हे घातक रसायन असू शकतं.

गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट नावानंच फसवतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यावर मूत्रपिंडं निकामी करणारं विष आहे. उघड्या ताटलीत ते ठेवलं तर घरातल्या मुलाला किंवा मांजराला धोका.

मग स्वयंपाकाचं तेल? विषारी नाही, पण स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांना हात लावून पाहा. तो चिकट पिवळा थर म्हणजे हवेशी संयोग होऊन डिंकासारखं झालेलं तेलच. करवतीच्या बेअरिंगमध्ये तसा थर बसला तर कठीण होईल.

दगडालाही विचारायला हवं

द्रव निवडताना करवत पाहिली, आता दगड पाहू. अकीक दिसतो काचेसारखा घट्ट, पण त्यात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावचे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून याच छिद्रांचा फायदा घेत आले. अकीक साखरेच्या पाकात मुरवायचा, मग गंधकाम्लात टाकायचा. आम्ल साखरेचा कोळसा करतं आणि दगडातले छिद्राळ पट्टे काळे होतात. रंग आत शिरतो तसं तेलही शिरतं. अकीकाच्या बाबतीत ते साबणाच्या गरम पाण्यानं आणि लाकडाच्या भुश्यात ठेवून बहुतेक काढता येतं.

पिरोजाचं तसं नाही. तो इतका छिद्राळ असतो की तेल पिऊन कायमचा हिरवट-मळकट होतो. त्याला पाणीच हवं. ओपलच्या अंगातच काही टक्के पाणी असतं. तो तापला तर तडकतो, म्हणून तोही भरपूर पाण्यात आणि सावकाश कापावा. जळगाव आणि पुण्याच्या परिसरातल्या खाणींमधून येणारी झिओलाइटसारखी खनिजंही पाणी धरून असतात. त्यांचे नाजूक स्फटिक तेलात बुडवले तर फटींमधलं तेल कधीच पुरतं निघत नाही.

उलट बाजूही आहे. सैंधव मिठाचा खडा पाण्यात कापायला घेतलात तर कापण्याआधी तो विरघळू लागेल. तिथे तेलाला पर्याय नाही. लोखंडी उल्का पाण्यात कापली तर चकतीसोबत उल्काही गंजते.

थोडक्यात, दगड छिद्राळ असेल तर पाणी, पाण्यात विरघळणारा किंवा गंजणारा असेल तर तेल, आणि घट्ट गारगोटी असेल तर तिची तक्रार नाही. तिथे करवतीच्या आकारावरून ठरवावं.

खंबातची धूळ

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्याच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक झिजून-सुटून गुजरातेत भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर परिसरात साचले. तिथून ते खंबातला जातात. अकीक घडवण्याची तिथली परंपरा शेकडो वर्षांची. घरोघरी, ओसरीवर हा उद्योग चालतो. मणी आणि खडे कोरड्या सहाणचाकावर घासताना उडणारी धूळ श्वासातून जाते आणि सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं खंबातच्या अकीक कामगारांमधला हा आजार अभ्यासून नोंदवला आहे.

गारगोटीची धूळ इतकी वाईट का? डोळ्याला दिसणारी धूळ नाकात, घशात अडते. फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात ते साधारण चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. हे कण डोळ्याला दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. फुप्फुसातल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतः मरतात. त्या जागी कडक व्रण होतात. फुप्फुस ताठरत जातं आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. क्षयाची शक्यता वाढते. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका, म्हणजे गारगोटीचीच धूळ, माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरवली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानं सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला होता, पण ओसरीवरचा घरगुती धंदा त्या कायद्याच्या चौकटीत सहसा बसत नसे.

म्हणून पाणी की तेल हा वाद घालताना एक गोष्ट वादापलीकडची आहे: कोरडं कापायचं नाही. ओलं कापताना कण द्रवात अडकतात आणि खाली बसतात. तरीही करवतीजवळ बसणाऱ्यानं एन-९५ मास्क लावावा, कारण उडणाऱ्या तुषारातही कण असतात.

आणि न्हाणीघरातली ती बाटली? विजेच्या हातयंत्रावर हातानं पाणी सोडणं म्हणजे धूळ टाळून शॉक ओढवणं. ओलं कापण्यासाठीच बनवलेलं यंत्र, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी, ही त्या कामाची किमान तयारी.

गाळाची विल्हेवाट

कापून झालं की तळाशी राखाडी गाळ उरतो. पाण्याचा असेल तर बादलीत रात्रभर बसू द्यावा, वरचं नितळ पाणी ओतून घ्यावं. गाळ मोरीत टाकू नये, तो नळीत सिमेंटसारखा बसतो. तेलाचा गाळ जाड कागदी पिशवीत भरून चाळणीवर ठेवला तर भज्यांचं तेल टिपकागदातून उतरावं तसं तेल हळूहळू खाली झिरपतं. ते पुन्हा वापरता येतं. उरलेला तेलकट लगदा शेतात किंवा गटारात न टाकता बंद डब्यात घालून घातक कचऱ्यात द्यावा.

यात एक मेख आहे. पाण्याचा गाळ वाळला की तो पुन्हा धूळ होतो, तीच सिलिका, अधिकच बारीक दळलेली. टेबलावर, एप्रनवर, जमिनीवर वाळलेला पांढरा थर झाडूनं झाडला तर दिवसभर ओलं कापून जे टाळलं ते संध्याकाळी दोन मिनिटांत छातीत जातं. तो ओल्या फडक्यानंच पुसावा.

चौकट: एका नजरेत

लहान करवत, थोडा वेळ, घट्ट दगड: पाणी, त्यात साबणाचे थोडे थेंब. काम झालं की पाणी काढा, पातं पुसा.

मोठी झाकणबंद करवत, लांब छेद, अकीक-गारगोटी: पातळ, शुद्ध पांढरं खनिज तेल.

रोज चालणारी करवत: वीसास एक प्रमाणातलं दुधी कूलंट. वास येऊ लागला की बदला.

पिरोजा, ओपल, झिओलाइट: फक्त पाणी. सैंधव, लोखंडी उल्का: तेल.

कधीच नाही: रॉकेल, पेट्रोल, डिझेल, जुनं इंजिन ऑइल, जुनं ट्रान्सफॉर्मर तेल, रेडिएटरचं कूलंट.

चकती चकचकीत झाली, छेद पुढे सरकेना: जोर लावू नका, टाकी लावा.

निवाडा

पाणी आणि तेल यांच्यातला वाद थंडाव्याचा वाटतो, पण थंडाव्यात पाणी कधीच जिंकलं आहे. तेल टिकून आहे ते वंगणासाठी आणि गंज टाळण्यासाठी. तेव्हा आधी विचारायचं ते हे: छेद किती लांब, दगड किती छिद्राळ आणि करवत रोज पुसणारं कुणी आहे की नाही. ज्याच्याकडे एकच लहान करवत आहे, त्यानं निःशंक पाणी वापरावं आणि रोज पातं पुसायचा आळस करू नये.

पुढच्या वेळी तुमच्या गॅलरीत मिस्त्री कोरडी फरशी कापायला बसला तर त्याला थांबवा. पाण्यावर चालणारं यंत्र आणायला सांगा आणि त्याचं वेगळं भाडं पडलं तर द्या. तुमची फरशी एकदाच कापली जाणार आहे. तो रोज कापतो.